'द लिव्हिंग इयर्स', नानांची कॅसेट आणि बोलायचं राहिलेलं

रामबागेतला
मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, लांबण लागणार आहे, पोहे-जलेबी घेऊन बसा.

'द लिव्हिंग इयर्स' नावाचं इंग्रजी गाणं आहे, माइक अँड द मेकॅनिक्स या बँडचं. १९८८ च्या शेवटी आलं आणि ८९ मध्ये सगळीकडे वाजलं. बापाचं आणि मुलाचं कधी पटलं नाही, बाप गेला, आणि मग मुलाच्या लक्षात येतं की जे बोलायचं होतं ते तो जिवंत असतानाच बोलायला हवं होतं. गाणं एवढंच. मी तेव्हा १९ वर्षांचा, होळकर कॉलेजात. इंग्रजी निम्मं कळायचं निम्मं नाही, पण शेवटी ती लहान मुलं कोरसमध्ये गायला लागली की अंगावर काटा यायचा. मित्राकडे कॅसेट होती, मला ती उतरवून घ्यायची होती आणि कोरी कॅसेट आणायला खिशात पैसे नव्हते.

म्हणून नानांच्या कपाटातली एक घेतली. नाना म्हणजे माझे वडील. कॅसेटच्या वरच्या कडेला ते दोन प्लास्टिकचे तुकडे असतात ना, ते तोडलेले होते, म्हणजे त्यावर कोणी चुकून रेकॉर्ड करू नये म्हणून. मी त्या भोकांवर चिकटपट्टी लावली. लेबलवर नानांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'अण्णा, भूपाळ्या व रामरक्षा, १९७८'. अण्णा म्हणजे माझे आजोबा, ८१ साली गेले. मामांनी कुवेतहून टेपरेकॉर्डर आणला होता, त्यावर नानांनी त्यांचा आवाज घेतला होता, तो एकच. मी लेबल वाचलं होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण घरात इतकी वर्षं "मला माहीत नव्हतं, कोरी वाटली" असंच सांगत आलो.

त्याच वर्षी पितृपक्षात अण्णांच्या तिथीला सकाळी नानांनी कॅसेट लावली. मी आतल्या खोलीत. बाहेरून इंग्रजी गाणं ऐकू आलं, अर्धं मिनिट असेल, मग बटण दाबल्याचा आवाज. बस. ओरडले असते, एक ठेवून दिली असती तर परवडलं असतं. आई आत येऊन एवढंच म्हणाली, "आज त्यांच्यासमोर जाऊ नकोस."

त्यानंतर तो विषय माझ्यात आणि नानांत कधी निघालाच नाही. पुढे मी पुण्याला नोकरीला गेलो, २००९ ला इंदूरला परत आलो, त्याच घरात नानांबरोबर पंधराएक वर्षं राहिलो. बोलणं व्हायचं की, विजेचं बिल, बीपीची गोळी, नर्मदेचा नळ आज आला का नाही. हे कधी नाही. ह्या जानेवारीत नाना गेले, ८६ वर्षांचे होते.

मागच्या महिन्यात गोदरेजचं कपाट आवरताना ती कॅसेट सापडली. माझी चिकटपट्टी काढून टाकलेली. आणि लेबलवर त्यांच्या ओळीखाली लाल पेनाने, नानांच्याच अक्षरात, 'व इंग्रजी गाणी'.

घरात टेप आता नाही, असता तरी लावायची हिंमत झाली असती का माहीत नाही. मोबाईलवर ते गाणं मात्र ऐकलं, पूर्ण नाही ऐकू शकलो.

तर विचारायचं हे की तुमच्याकडे असं एखादं गाणं आहे का जे लागलं की उठून जावं लागतं? आणि आपल्या मराठीत बाप-मुलाच्या न मिटलेल्या भांडणावर गाणं आहे का? आईवर ढीगभर आहेत, मला बापावरचं सापडून नाही राहिलं.

पोहेजलेबी
पहिला!! असं लिहिणार होतो, मग वाचलं. भिया, सकाळी सकाळी काय करून राहिले तुम्ही. जलेबी समोर तशीच राहिली.

बाळ्या सुदामानगर
हे फिल कॉलिन्सचं ना? आमच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाला वाजवायचा, गणपतीत. लोकांना वाटायचं नवं भजन आहे, त्या कोरसमुळे. 😄

जुनीकॅसेट
बाळ्या, अर्धवट बरोबर. माइक रदरफोर्ड हा जेनेसिसचा गिटारवाला, म्हणजे फिल कॉलिन्सच्याच बँडमधला. मेकॅनिक्स हा त्याचा बाजूचा बँड. पण हे गायलंय पॉल कॅरॅकने. आणि लिहिलंय रदरफोर्ड आणि बी. ए. रॉबर्टसन यांनी मिळून, शब्द मुख्यतः रॉबर्टसनचे.

धागाकर्त्याला आवडेल म्हणून सांगतो, दोघांचेही वडील गाण्याच्या थोडंच आधी गेलेले होते. रदरफोर्डचे वडील ब्रिटिश नौदलात कॅप्टन, म्हणजे घरात कसली शिस्त असेल बघा, आणि मुलगा केस वाढवून गिटार वाजवणारा. वडील गेले १९८६ मध्ये, तेव्हा हा जेनेसिसच्या दौऱ्यावर. रॉबर्टसनचे वडील गेले आणि तीनेक महिन्यांत त्याला मूल झालं, ते गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आलंय. आणि गाणारा कॅरॅक, त्याचे वडील तो ११ वर्षांचा असतानाच वारलेले. त्याच्याकडे तर भांडायलाही बाप नव्हता. मला तरी वाटतं त्याच्या आवाजात जे आहे ते तिथून येतं.

अमेरिकेत २५ मार्च १९८९ ला पहिल्या नंबरवर गेलं, इंग्लंडात दोन नंबरवर अडकलं. तिकडचं आयव्हर नॉव्हेलो म्हणून गीतकार-संगीतकारांचं मोठं बक्षीस आहे, तेही मिळालं. पुढे २०१४ मध्ये रदरफोर्डने आत्मचरित्र लिहिलं त्याचंही नाव हेच ठेवलं आणि त्यात वडिलांनी लिहून ठेवलेल्या आठवणींचे उतारे मध्येमध्ये घातले. म्हणजे बोलणं झालं शेवटी, पण पुस्तकात.

केतकी पलासिया
माहिती छान, पण एक विरोधी मत नोंदवते. मला हे गाणं चीटिंग वाटतं. लहान मुलांचं कोरस घातलं की कोणीही रडेल, त्यात काय कर्तृत्व? व्हिडिओत रदरफोर्ड स्वतःच्या लहान मुलाला घेऊन समुद्रकाठी, म्हणजे उरलीसुरली कसर पण भरून काढली. आणि गाण्यात बाप बिचारा एक शब्दही बोलत नाही! मुलगाच सांगतो की आमचं पटत नव्हतं, मुलगाच सांगतो की मला वाईट वाटतं, मुलगाच स्वतःला माफ करतो. एकतर्फी निकाल.

त्यापेक्षा कॅट स्टीव्हन्सचं 'फादर अँड सन' ऐका, १९७० चं. एकच गायक दोघांचंही गातो, बापाचं खालच्या आवाजात आणि मुलाचं वरच्या. मूळ ते रशियन क्रांतीवरच्या एका संगीतनाटकासाठी केलेलं होतं, मुलाला क्रांतीत जायचंय आणि बाप म्हणतो थांब. शेवटपर्यंत कोणी कोणाला पटवत नाही. दोघंही खरे वाटतात, ते जास्त त्रासदायक आहे.

बाळ्या सुदामानगर
केतकीताई, रडणं आलं की नाही ते सांगा आधी.

केतकी पलासिया
आलं. म्हणूनच राग आहे.

मिलवाल्याचा नातू
माझं गाणं नाही, झाकी आहे. चालेल का?

माझे आजोबा गिरणीत इलेक्ट्रिक खात्यात. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाक्या निघतात, म्हणजे चालते देखावे, रात्रभर, दिव्यांचे आणि मोटरवर हलणारे. रावण मान फिरवतो, हनुमान उडतो, नाग फणा काढतो. पिढ्यान्पिढ्या लोक त्यासाठी रस्त्यावर रात्र काढून राहिलेत. आजोबा मान फिरवण्यातले एक्स्पर्ट. पंख्याची जुनी मोटर, सायकलची चेन आणि लाकडाची एक चकती, एवढ्यावर राक्षस हसवायचे.

गिरणी बंद पडली. आजोबांचा पगार बंद, हक्काचे पैसे कोर्टात. पण दरवर्षी श्रावण लागला की आजोबा पिशवीत पक्कड-पाना घेऊन गिरणीत निघाले. पगार नाही, वर्गणी गोळा करून झाकी करायची. माझे बाबा भडकायचे. म्हणायचे, घरात डाळीला पैसे नाहीत आणि हे रावणाची मान फिरवून राहिले. एकदा तर पिशवी लपवून ठेवली. आजोबांनी शेजाऱ्याकडून पाना मागून आणला आणि गेले. बाबांशी पुढे दोन वर्षं बोलले नाहीत.

आजोबा गेले २००४ ला. बाबा कधीच झाकी बघायला जात नाहीत, त्या रात्री घरातच, टीव्ही मोठ्याने लावून. मला वाटायचं राग आहे. मागच्या वर्षी मी मुलीला घेऊन निघालो तेव्हा बाबा दारात येऊन म्हणाले, "मानेचा झटका बघ. मान फिरून थांबते तेव्हा झटका बसतो की गुळगुळीत थांबते ते बघून ये." मी येऊन सांगितलं, झटका बसतो. बाबा म्हणाले, "हौ ना, बसणारच." आणि टीव्हीचा आवाज कमी केला.

पोहेजलेबी
हे काय वाचायला लावून राहिलेत एकामागून एक लोक.

अवांतर: झाक्या बघून पहाटे सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, काही मिळतं का? मागच्या वेळी भुट्ट्याचा कीस संपलेला.

बाळ्या सुदामानगर
पहाटे काही नाही, रात्री ११ ला जा, कीस खा, मग झाकीला उभे राहा. गराडू, म्हणजे तळलेला कंद, मात्र थंडीतच, गणपतीत नाही मिळणार.

मिलवाल्याचा नातू
आणि जागा आधी धरा, नाहीतर फक्त लोकांची डोकी दिसतील.

सडेतोड
सगळे हळवे झालेत म्हणून थोडं वेगळं लिहितो, कोणाला झोंबलं तर झोंबू दे.

माझे वडील प्यायचे आणि मारायचे. मला, आईला, धाकट्या बहिणीला. मी त्यांना जिवंतपणीच सगळं बोललो. समोर बसून, दिवसा, ते शुद्धीत असताना. तुमच्या त्या गाण्यात जसं सांगितलंय अगदी तसं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं का?" आणि जेवायला बसले. सहा महिन्यांनी गेले. मी खांदा द्यायला गेलो नाही, तेराव्याला होतो कारण आई होती. मला आजपर्यंत एक दिवस पश्चात्ताप झालेला नाही. मला फक्त असं विचारायचंय की प्रत्येक गाण्यात पश्चात्ताप मुलानेच का करायचा?

सदाचारी
आई-वडील कसेही असले तरी दैवत असतात. संस्कार हेच सांगतात. सडेतोड यांनी मन मोठं करावं.

स्नेहलता काकू
सदाचारी, तुम्ही जरा बाजूला बसा. सडेतोड, तू लिहिलंस ते बरं केलंस बाळा. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

सडेतोड
काकू, आई मागच्या वर्षी गेली. पण सांगितला असता. धन्यवाद.

जुनीकॅसेट
सडेतोड, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याला एक उलटं उदाहरण आहे. हॅरी चॅपिनचं 'कॅट्स इन द क्रेडल', १९७४ चं, तेही अमेरिकेत एक नंबरवर गेलेलं. तिथे पश्चात्ताप बापाला. मुलगा लहान असताना ह्याला वेळ नाही, आणि मुलगा मोठा झाल्यावर त्याला वेळ नाही. मूळ कविता चॅपिनच्या बायकोची, सँडीची. म्हणजे बापाचा पश्चात्ताप शेवटी बायकोनेच लिहिला. आणि चॅपिन १९८१ मध्ये मोटार अपघातात गेला, ३८ वर्षांचा होता.

केतकी पलासिया
बायकोने लिहिलं हे मला माहीत नव्हतं. वा.

मराठीत विचाराल तर 'दमलेल्या बाबाची कहाणी' तिकडेच जातं, पण तिथे मुलगी लहान आहे, अजून वेळ गेलेली नाही, बाप फक्त दमलाय. आणि भांडण नाहीच. मराठी बाप गाण्यात आला की एकतर दमलेला असतो नाहीतर फोटोत असतो.

पोहेजलेबी
😂 फोटोत, चंदनाच्या हारासकट.

अनिवासी माळवी
आरती प्रभूंचं 'गेले द्यायचे राहून' धरा की. बापावर नाहीये, पण रामबागेतल्यांनी जे लिहिलं त्याला त्या तीन शब्दांपेक्षा नेमकं मला तरी माहीत नाही. आपल्याकडे सांगायचं राहून जात नाही, द्यायचं राहून जातं. आपल्या बापांना आपण "माझं तुमच्यावर प्रेम आहे" असं कोण म्हणणार होतं? मी म्हटलं असतं तर बाबांनी ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून बघितला असता.

आणि भांडण हवं असेल तर आपण ते गाण्यात कुठे करतो, नाटकात करतो. 'नटसम्राट' १९७० चं, त्यात बाप बोलायचा थांबतच नाही.

स्नेहलता काकू
मी ७२ वर्षांची. तुम्ही सगळे बाप आणि मुलगा बोलत नाहीत म्हणून गाणी शोधताय. अरे ते बोलतात. माझ्यामार्फत बोलतात.

आमच्या राजेंद्रनगरच्या घरी हे आणि माझा मुलगा, चार वर्षं झाली, एका टेबलावर बसतात. हे मला म्हणतात, "त्याला विचार, गाडीत पेट्रोल घातलं का." तो समोर बसलेला, हातभर अंतरावर, भात कालवतोय. मी त्याला विचारते, "पेट्रोल घातलंस का रे?" तो मला म्हणतो, "सांग त्यांना, घातलं." मी सांगते, "घातलं म्हणतो." हे म्हणतात, "किती?" असं चालतं. कारण काय तर गावाकडची जमीन विकायची की नाही. जमीन विकून झाली, पैसे पण खर्च झाले, पण हे चालूच आहे.

माझी आई हेच करायची, माझ्या वडिलांचं आणि भावाचं. तिचं पोस्ट ऑफिस १९६० पासून १९९४ पर्यंत चाललं. तिच्यावर कोणी गाणं लिहिलं का? रामबागेतल्या बाळा, तुझी आईसुद्धा त्या दिवशी आत येऊन सांगून गेली ना, "समोर जाऊ नकोस". कधी तिला विचारलंस का की नाना तिला काय म्हणाले होते?

रामबागेतला
काकू, नाही विचारलं. आई २०१६ ला गेली. आता तुम्ही म्हणालात तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की तिला माहीत असणार.

सगळ्यांचे प्रतिसाद वाचतोय, उत्तर द्यायला सुचत नाहीये. झाकीची मान दोनदा वाचली.

रेडिओ दुरुस्ती
मी मूळ प्रश्नाकडे नाही, कॅसेटकडे येतो. महाराणी रोडवर माझं काउंटर होतं, २० वर्षं टेप आणि डेक दुरुस्त केले, आता बंद केलं. रामबागेतले, तुम्ही काही गोष्टी लिहिल्यात त्यावरून विचारतो, उत्तर नक्की द्या.

कॅसेट किती मिनिटांची? तुम्ही किती गाणी उतरवली? आणि शेवटचं गाणं संपल्यावर पुढे कधी ऐकलं का?

रामबागेतला
६० ची आहे, वर छापलंय. हे गाणं पहिलं, मग अजून तीन किंवा चार. पुढे कधी ऐकलं नाही, शेवटचं गाणं संपलं की मागे करायचो. नानांनी बंद केल्यानंतर तर मी तिला हातच लावला नाही.

रेडिओ दुरुस्ती
मग गणित करा. हे गाणं साडेपाच मिनिटांचं. बाकी चार धरली, चार-चार मिनिटांची. झाली २१-२२ मिनिटं. ६० च्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटं. टेपरेकॉर्डर जितकं रेकॉर्ड करतो तितकंच पुसतो, रेकॉर्डिंगच्या हेडच्या आधी पुसायचं हेड असतं, टेप त्याच्यासमोरून गेली तेवढीच साफ. तुम्ही थांबलात तिथे पुसणंही थांबलं. पुढे आठ मिनिटं राहिली. तुमच्या आजोबांनी बाजू भरली असेल तर ते अजून तिथे आहेत.

जे पुसलं ते गेलं, त्याची आशा धरू नका, कोणी पैसे मागून परत आणतो म्हणाला तर देऊ नका.

आता नीट ऐका. ऑनलाइन मिळतात ते स्वस्त प्लेअर घेऊ नका, टेप गिळतात. चांगला डेक बघा, त्याचा रबरी पट्टा बदलून घ्या, हेड आणि रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आधी एखादी फालतू कॅसेट लावून बघा. तुमच्या कॅसेटच्या आत टेपच्या मागे फेल्टचा छोटा तुकडा असतो, ४५ वर्षांत त्याचा गोंद सुटतो, तो पडला असेल तर आवाज घुसमटलेला येईल, घाबरू नका, दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात टेप बदलता येते. आणि पहिल्यांदा लावाल तेव्हाच कॉम्प्युटरला जोडून रेकॉर्डिंग चालू ठेवा. दुसरी संधी मिळेलच असं नाही.

केतकी पलासिया
एक मिनिट. लेबल. नानांनी लिहिलंय 'व इंग्रजी गाणी'. वरची ओळ खोडली नाही ना?

रामबागेतला
नाही खोडली.

केतकी पलासिया
'व' लिहिलंय.

बाळ्या सुदामानगर
ओ तेरी.

मिलवाल्याचा नातू
आणि चिकटपट्टी पण काढली. म्हणजे तुमची गाणीसुद्धा कोणी पुसू नये.

पोहेजलेबी
रामबागेतले, तुम्ही आत्ता उठा. माझ्या मामांकडे डेक आहे, मल्हारगंजात, चालू आहे, मामा त्यावर रोज जुनी नाट्यगीतं ऐकतात. निरोप टाका, पत्ता देतो. पोहे माझ्याकडून.

रेडिओ दुरुस्ती
पट्टा मी बघून देईन. काउंटर बंद आहे, हात चालू आहेत.

सदाचारी
बघा, वडील शेवटी क्षमा करतातच.

सडेतोड
अजून ऐकली नाहीये कॅसेट. घाई नका करू.

(नऊ दिवसांनी)

रामबागेतला
मंडळी, रविवारी ऐकली. मल्हारगंजात मामा, पोहेजलेबी, मी, आणि रेडिओ दुरुस्ती स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले होते. त्यांना पाहून वाटलं डॉक्टर व्हिजिटला आलेत. फेल्ट खरंच सुटलेलं होतं, त्यांनी खोकं बदललं, अर्धा तास गेला, तोपर्यंत मामांनी आम्हाला दोन नाट्यगीतं ऐकवली.

गाणी पाच निघाली. मी पूर्ण ऐकली, 'लिव्हिंग इयर्स' पण, ह्या वेळी उठलो नाही, कारण पुढचं यायचं होतं. पाचवं गाणं मध्येच तुटतं, खट्ट आवाज होतो, आणि थेट अण्णा. रामरक्षेच्या मध्यात. भूपाळ्या सगळ्या गेल्या, त्या माझ्या गाण्यांखाली गेल्या.

अण्णांचा आवाज मी विसरलो होतो. बारीक होता, मला जाड आठवत होता. ते म्हणतात, "घ्राणं पातु मखत्राता मुखं सौमित्रिवत्सलः", आणि पुढे "स्कन्धौ दिव्यायुधः" वर जातात. तिथे नानांचा आवाज येतो. चाळीस वर्षांचे नाना, माझ्यापेक्षा लहान. जसंच्या तसं लिहितो, परत परत ऐकून उतरवलंय:

"अण्णा, जिह्वा राहिली. 'जिह्वां विद्यानिधिः पातु' गाळलंत तुम्ही."
"मी गाळलं?"
"हो. परत म्हणा ना तिथपासून, रेकॉर्ड होतंय."
"साठ वर्षं म्हणतोय मी. तू तुझं यंत्र सांभाळ."
"अण्णा, ते कायमचं राहील म्हणून सांगतोय."
"मग राहू दे."

त्यानंतर अण्णा काहीच म्हणत नाहीत. नाना एकदा हळूच "बरं, पुढचं म्हणा" म्हणतात. उत्तर नाही. टेप मात्र चालू. रस्त्यावरून कोणीतरी भाजीवाला जातो, सायकलची घंटी, आजीचा आवाज लांबून, बहुतेक चहा घेता का विचारते आहे. कोणी तिलाही उत्तर देत नाही. असं जवळजवळ चार मिनिटं आणि बाजू संपते. दुसरी बाजू कोरी आहे.

लेबलवर लिहिलं आहे रामरक्षा. ती पूर्ण झालेलीच नाही.

पोहेजलेबी
मी तिथे होतो. ती चार मिनिटं आम्ही चार माणसं एका टेपमधला भाजीवाला ऐकत बसलो होतो. मामांनी बटणाकडे हात नेला तर यांनी धरला.

केतकी पलासिया
मला वाटलेलं आजोबा गात असतील आणि शेवट गोड होईल. हे त्याहून भारी आहे आणि मला नीट सांगताही येत नाहीये का ते. त्या गाण्यातला बाप बोलत नाही म्हणून मी भांडत होते, इथे दोघंही बोललेत.

सडेतोड
"झालं का?" आणि "मग राहू दे". एकाच शाळेतले दिसतात.

रामबागेतले, तुमच्याबद्दल बरं वाटलं. खरंच.

अनिवासी माळवी
नानांनी ती टेप जपली कशासाठी, रामरक्षेसाठी का भांडणासाठी?

रामबागेतला
माहीत नाही. पितृपक्षात दरवर्षी लावायचे, ८९ च्या आधी. आम्ही लहान होतो, शेवटपर्यंत कधी बसलो नाही. भूपाळ्या झाल्या की आम्ही पळायचो.

जुनीकॅसेट
फाइलच्या तीन प्रती करा. एक घरी, एक ऑनलाइन, एक कोणा नातेवाइकाकडे. आणि गाणी कापून टाकू नका.

रामबागेतला
नाही कापली. मुलाला पाठवली पूर्ण फाइल, तो बंगळूरला असतो. त्याने लिहिलं, "बाबा हे अर्धा तासाचं आहे, नेमकं कुठून ऐकू?" मी लिहिलं पहिल्यापासून.

बाळ्या सुदामानगर
ऐकलं का त्याने?

रामबागेतला
निळ्या टिका आल्यात. अजून काही बोलला नाही.

स्नेहलता काकू
मी हा सगळा धागा काल रात्री ह्यांना वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. आज जेवताना मी मुद्दामच तोंडात घास घेऊन बसले. हे थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग सरळ त्याच्याकडे बघून म्हणाले, "पेट्रोल घातलंस का?"

तो म्हणाला, "नाही."

मग जे भांडण झालं विचारू नका. जमीन, पेट्रोल, २०११ ची एक एफडी, सगळं निघालं. मी उठून आत गेले आणि चहा टाकला.